वहिवाट : एका इंग्रज खेड्यातील पाऊलवाटांचा इतिहास

इंग्लंडातील डार्बीशायर परगण्यात हेफील्ड नावाचे एक लहानसे खेडे आहे. सेट नदीच्या काठी वसलेली दगडी घरे, एक जुने चर्च, दोन-चार पब आणि क्रिकेटचे मैदान, एवढाच त्याचा संसार. गावाच्या पूर्वेस किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे पठार आडवे पसरले आहे. पश्चिमेस, फारशा अंतरावर नाही, असे मँचेस्टर हे औद्योगिक महानगर आहे. रविवारी हवा बरी असली की शहरातील कुटुंबेच्या कुटुंबे या गावी येतात. ज्यांच्याबरोबर तान्ही मुले आहेत ते बाबागाडी ढकलीत नदीकाठच्या सपाट मार्गाने न्यू मिल्सच्या दिशेने जातात. हा मार्ग जेमतेम अडीच मैलांचा. ज्यांची मुले जरा मोठी आहेत ते बोडन ब्रिज या जुन्या दगडी पुलावरून किंडरच्या जलाशयापर्यंत चढतात आणि भिंतीच्या आडोशाला बसून बरोबर आणलेली शिदोरी सोडतात. ज्यांच्या पायांत अधिक बळ आहे ते त्याही पुढे, मिल हिलची खिंड ओलांडून ‘स्नेक पाथ’ या वाटेने पलीकडच्या खोऱ्यात उतरतात.

या वाटांवर कोठे द्वारपाल नाही, तिकीट नाही, परवाना नाही. वाट कधी मेंढ्यांच्या कुरणातून जाते, कधी उभ्या पिकामधून, कधी एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणाला खेटून. कुंपण आडवे आले तर ते ओलांडण्यासाठी फळ्यांच्या पायऱ्या बसविलेल्या असतात, किंवा एका वेळी एकच माणूस जाईल आणि गुरे मात्र अडकतील अशी झुलती फाटके असतात. खांबावर पिवळा बाण दिसला की ती पायी जाणाऱ्यांची वाट. निळा दिसला तर घोडेस्वारांनाही मोकळीक. जमीन खाजगी, भिंत खाजगी, मेंढ्या खाजगी. पण त्यांच्यामधून जाणारी ती हातभर रुंदीची पट्टी मात्र सर्वांची. त्या पट्टीवरून चालणाऱ्या मुलाला यात नवल असे काहीच वाटत नाही. परंतु हे नवल आहे, आणि त्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा झगडा आहे.

या वाटा मुळात कोणीही करमणुकीसाठी पाडलेल्या नाहीत. इंग्लंडच्या खेड्यांत माणसे शतकानुशतके कामासाठीच चालत होती. रविवारी चर्चला जावे, आठवड्याच्या बाजाराला जावे, दळणासाठी गिरणीवर जावे, मृतास मूठमाती देण्यासाठी दूरच्या दफनभूमीवर न्यावे, या नित्याच्या येण्याजाण्यातून त्या उमटल्या. हेफील्डमधून एडेल खोऱ्याकडे जाणारी वाट तर तट्टांच्या तांड्यांची. मीठ, लोकर, कापड यांची ओझी लादलेली तट्टे याच चढणीने डोंगर ओलांडीत. बोडन ब्रिजचा अरुंद कमानदार पूल त्यांच्याचसाठी बांधलेला. माथ्यावर एडेल क्रॉस नावाचा मध्ययुगीन दगडी क्रूस अजून उभा आहे.

ज्या वाटेने लोक पिढ्यान्‌पिढ्या गेले, ती वाट लोकांची, हे इंग्रजी कायद्याचे फार जुने तत्त्व. एकदा मार्ग झाला की तो सदैव मार्गच राहतो, असे तेथील न्यायालये मानीत आली. मराठीतील ‘वहिवाट’ हा शब्द या तत्त्वाचा मथितार्थ एका शब्दात सांगतो. वाहती असते ती वाट. आणि वाहत राहिल्यामुळेच तिच्यावर हक्क निर्माण होतो. भारतात १८८२ साली झालेल्या सुविधाधिकाराच्या कायद्यातही इंग्रजी विचाराला अनुसरून वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीची कसोटी घालण्यात आली. त्यामुळे बांधावरच्या वाटेचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा विचार परका वाटणार नाही. भेद एवढाच की, आपल्याकडील असा हक्क बहुधा अमक्या शेताच्या धन्याचा असतो; हेफील्डच्या वाटेवरील हक्क कोणाही वाटसरूचा आहे.

तत्त्व जुने असले तरी ते टिकविणे सोपे नव्हते. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने गावोगावच्या सामाईक जमिनी खाजगी मालकीत देण्यासाठी सुमारे ५,२०० कायदे संमत केले आणि ६८ लक्ष एकर जमीन बंदिस्त झाली. या बंदिस्तीतील बराच भाग अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसाव्याचा पूर्वार्ध या काळात उरकला. तिचे समर्थक म्हणत की, एकाच्या हाती सलग जमीन आली म्हणजे शेती सुधारते, आणि त्यात तथ्यही होते. परंतु गायरान गेले, सरपण गेले, आणि त्याबरोबर मोकळ्या माळावरून हवे तसे जाण्याची सवलतही गेली. उरल्या त्या केवळ मोजक्या वाटा. त्यांवरही १८१५ साली संकट आले. त्या वर्षीच्या कायद्याने एखादी पाऊलवाट ‘अनावश्यक’ ठरवून बंद करण्याचा अधिकार दोन मॅजिस्ट्रेटांच्या हाती दिला. हे मॅजिस्ट्रेट बहुतेक जमीनदारांपैकीच. एकाने आपल्या बागेजवळची वाट अनावश्यक म्हणावी आणि शेजारच्या स्नेह्याने त्यावर सही करावी, यास फारसा वेळ लागत नसे.

याविरुद्ध पहिली संघटित हाक उठली ती खेड्यांतून नव्हे, शहरांतून. हे वरवर विचित्र वाटते. पण त्याचे कारण उघड आहे. खेड्यातील मजूर जमीनदाराच्या घरात राही आणि त्याच्याच शेतावर राबे. त्याने तोंड उघडले तर छप्पर जाण्याचे भय. शहरातील दुकानदार, कारकून वा छपाई करणारा कारागीर यांना ते भय नव्हते. १८२४ साली यॉर्क येथे आणि १८२६ साली मँचेस्टर येथे पाऊलवाटांच्या रक्षणासाठी मंडळे स्थापन झाली. मँचेस्टरच्या मंडळामागे जवळच्या फ्लिक्स्टन गावचा तंटा होता. तेथील एका धनिकाने आपल्या जमिनीतून जाणारी वाट बंद केली, आणि पत्रकार आर्चिबाल्ड प्रेंटिस व त्याचे सहकारी यांनी ते प्रकरण न्यायालयात नेऊन धसास लावले. गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या त्या शहरात सार्वजनिक बागा जवळजवळ नव्हत्याच. गावाबाहेरच्या वाटा हीच सामान्य कुटुंबाची बाग होती.

पुढे आगगाडीने या प्रश्नाला निराळेच परिमाण दिले. १८६८ साली हेफील्डपर्यंत लोहमार्ग आला. मँचेस्टरमधील गिरणी कामगाराला थोड्या पैशांत, थोड्या वेळात डोंगराच्या पायथ्याशी उतरता येऊ लागले. नेमक्या याच सुमारास डोंगरमाथ्याची किंमतही वाढली होती. किंडरच्या पठारावरील जांभळ्या हीदरच्या झुडपांत ग्राउझ हा तित्तिराच्या जातीचा रानपक्षी वाढतो, आणि दरवर्षी १२ ऑगस्टपासून त्याची शिकार करणे हा उमरावांचा मोठा षोक झाला. वर्षातील थोड्या दिवसांच्या शिकारीसाठी उरलेले सारे वर्ष माळावर राखणदार पहारा देऊ लागले. जुन्या वाटांवर फाटके लागली. ‘आगंतुकांवर खटला भरण्यात येईल’ अशा पाट्या उभ्या राहिल्या. वस्तुतः दुसऱ्याच्या जमिनीत नुसते पाऊल टाकणे हा इंग्रजी कायद्यात फौजदारी गुन्हा नव्हता. नुकसान झाले तर भरपाई मागता येई, एवढेच. तेव्हा त्या पाटीवरील मजकूर कायद्याच्या दृष्टीने पोकळ होता. परंतु कायदा ठाऊक नसलेल्या माणसाला, आणि त्यातून मुलाचा हात धरून आलेल्या माणसाला, परत फिरविण्यास तेवढी पाटी पुरेशी होई.

हेफील्डच्या वाटांच्या इतिहासात येथून दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह समजुतीचा. हेफील्डहून मिल हिलवरून स्नेक इन या पांथशाळेकडे जाणारी जुनी वाट जमीनमालकांनी अडविली होती. ती सोडविण्यासाठी १८७६ सालापासून स्थानिक मंडळी झटत होती. १८९४ साली मँचेस्टर येथे पीक डिस्ट्रिक्ट व उत्तरेकडील परगण्यांतील पाऊलवाटांचे रक्षण करणारी संस्था स्थापन झाली आणि तिने हे काम हाती घेतले. पुरावे जमविणे, वृद्धांच्या साक्षी नोंदविणे, मालकांच्या वकिलांशी पत्रव्यवहार करणे, हे सारे काम नीरस, वेळखाऊ आणि प्रसिद्धीविरहित. पण ते फळास आले. २९ मे १८९७ रोजी ती वाट समारंभपूर्वक खुली झाली. ही संस्था आजही कार्य करीत आहे, आणि तिने उभारलेले हिरव्या रंगाचे मार्गदर्शक फलक त्या डोंगरांत ठिकठिकाणी वाटसरूला दिशा दाखवितात. ज्या वर्षी ही संस्था जन्मास आली त्याच १८९४ साली पार्लमेंटने पॅरिश कौन्सिले, म्हणजे आपल्याकडील ग्रामपंचायतींसारख्या गावसभा, निर्माण केल्या आणि त्यांच्या संमतीवाचून गावातील सार्वजनिक वाट बंद करता येऊ नये असे ठरविले. १८१५ साली दोन मॅजिस्ट्रेटांच्या हाती दिलेले शस्त्र अशा रीतीने पाऊण शतकानंतर बोथट झाले.

दुसरा प्रवाह अवज्ञेचा. स्नेक पाथ खुली झाली तरी ती पठाराच्या कडेने जाई. पठाराचा माथा बंदच होता. पहिल्या महायुद्धानंतर बेकारीच्या दिवसांत मँचेस्टर आणि शेफील्ड येथील हजारो तरुण दर रविवारी डोंगराकडे धाव घेत, आणि राखणदारांशी त्यांचे खटके उडत. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे माणसे हेफील्ड येथे जमली. गावच्या मैदानावर सभा घेण्यास मनाई होती, म्हणून ती बोडन ब्रिजजवळच्या दगडाच्या खाणीत भरली. तेथे वीस वर्षांच्या बेनी रॉथमन या मँचेस्टरच्या कामगार तरुणाने भाषण केले, आणि जमाव गाणी म्हणत विल्यम क्लफ या घळीच्या वाटेने चढू लागला. ही घळीतील वाट पस्तीस वर्षांपूर्वी समजुतीने खुली झालेल्या मार्गाचाच भाग होती. अर्थात अवज्ञेचा मोर्चा प्रथम समजुतीच्या वाटेनेच गेला. मग ती सोडून तो निषिद्ध उतारावर चढला. तेथे राखणदारांशी झटापट झाली आणि एक राखणदार जखमी झाला. मोर्चा गावात परतताच रॉथमन व त्याचे काही सोबती पकडले गेले. नुसत्या प्रवेशाबद्दल खटला भरता येत नव्हता. म्हणून दंगलखोर जमाव जमविणे यांसारखे आरोप ठेवण्यात आले. डार्बी येथील न्यायालयात लष्करी अधिकारी आणि ग्रामीण जमीनदार यांचाच भरणा असलेल्या ज्यूरीपुढे ते प्रकरण आले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनच्या वाट्यास चार महिने आले.

या घटनेचे मोल ठरविताना इतिहासकाराने घाई करू नये. त्या काळच्या बहुतेक पदभ्रमण संस्थांनी या मोर्चाचा निषेध केला होता. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटी एका दिवसात धुळीस मिळतील असे त्यांना वाटले, आणि ती भीती अवास्तव नव्हती. ज्या वर्षी हा मोर्चा निघाला त्याच वर्षी वाटांच्या हक्कांचा एक महत्त्वाचा कायदा पार्लमेंटने संमत केला, तो या मोर्चामुळे नव्हे, तर जुन्या संस्थांच्या दीर्घ परिश्रमांमुळे. त्या कायद्याने वीस वर्षांची अखंड वहिवाट सिद्ध झाली की ती वाट सार्वजनिक मानावी, असा सरळ नियम घातला. परंतु शिक्षा ऐकून सामान्य माणसाच्या मनात जी चीड उत्पन्न झाली, तीही निष्फळ नव्हती. आपल्याच देशाच्या डोंगरावर चालल्याबद्दल तरुणांना तुरुंगात जावे लागते, हे चित्र लोक विसरले नाहीत. कागद जमविणाऱ्यांनी हक्काचा पाया घातला. तुरुंगात जाणाऱ्यांनी तो सर्वांच्या डोळ्यांपुढे आणला. दोहोंपैकी एकालाच सारे श्रेय देणे हा दुसऱ्यावर अन्याय होईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर या दोन्ही प्रवाहांचा संगम झाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा झाला. १७ एप्रिल १९५१ रोजी पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, आणि हेफीलडच्या डोक्यावरचा किंडर त्यात समाविष्ट झाला. २४ एप्रिल १९६५ रोजी, म्हणजे त्या मोर्चाच्या बरोबर तेहतिसाव्या वर्षदिनी, एडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारा पेनाइन वे हा दीर्घ पायमार्ग खुला झाला. १९८२ साली किंडर नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीत आला. पुढे २००० सालच्या कायद्याने माळ आणि डोंगर यांवर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क दिला, आणि २००४ पासून किंडरच्या माथ्यावर तो अमलात आला. २००२ साली, मोर्चास सत्तर वर्षे झाली तेव्हा, बोडन ब्रिज येथील समारंभात डेव्हनशायरचे अकरावे ड्यूक यांनी आपल्या आजोबांच्या काळातील त्या कठोर वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. रॉथमन त्याच वर्षीच्या जानेवारीत निवर्तला होता.

तथापि १९४९ च्या कायद्यातील सर्वांत दूरगामी तरतूद उद्यानांची नव्हती. ती नकाशाची होती. इंग्लंड आणि वेल्समधील प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतील एकूण एक सार्वजनिक वाट शोधून तिचा अधिकृत नकाशा करावा, आणि त्या नकाशावर जी वाट आहे तिच्या अस्तित्वाविषयी वाद संपला असे समजावे, असा हा दंडक. पहिली पाहणी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांवर सोपविण्यात आली. शिक्षक, टपालवाले, निवृत्त शेतकरी हाती नकाशा घेऊन शेताशेतांतून हिंडले. कोणती वाट कोणाच्या आठवणीत केव्हापासून आहे याच्या नोंदी त्यांनी केल्या. काही गावांनी हे काम निष्ठेने केले, काहींनी उरकले. ज्या गावी कौन्सिलाचा प्रमुखच वाटेच्या जमिनीचा मालक होता तेथे काय होणे स्वाभाविक होते, हे सांगावयास नको. आज त्या नकाशांवर एकूण सुमारे १,४०,००० मैल लांबीच्या वाटा आहेत. परंतु २०२० साली रॅम्बलर्स या संस्थेच्या स्वयंसेवकांनी जुन्या व नव्या नकाशांची तुलना केली, तेव्हा सुमारे ४९,००० मैलांच्या जुन्या वाटा नोंदीतून गळल्या असाव्यात असे त्यांना आढळले.

येथे इतिहास पुन्हा वर्तमानाच्या दाराशी येतो. २००० सालच्या कायद्याने एका हाताने माळ खुला केला, तर दुसऱ्या हाताने जुन्या वाटांच्या दाव्यांना १ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घातली. त्यानंतर केवळ जुन्या कागदांच्या आधारे वाट सिद्ध करता येऊ नये, असा त्याचा आशय. जमीनमालकालाही कधीतरी निश्चिती हवी, हे म्हणणे रास्तच आहे. परंतु एकदा मार्ग झाला की सदैव मार्ग, या शतकांच्या तत्त्वास तो छेद होता. २०२३ साली ही मुदत २०३१ पर्यंत वाढविण्यात आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती मुळातच रद्द करण्याचा मनोदय ब्रिटिश सरकारने जाहीर केला. तेव्हा हा वाद अगदी अलीकडचा आहे. आणि त्यात ज्यांनी जुने दप्तर चाळले, दाव्याचे अर्ज लिहिले, ते बहुतांशी निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, कारकून अशी सामान्य माणसेच होती. १८९७ ची परंपरा अद्याप खंडित झालेली नाही.

हक्काबरोबर कर्तव्यही आले. वाट नांगरली गेली तर शेतकऱ्याने ती चौदा दिवसांत पूर्ववत करावी आणि शेतामधून जाणाऱ्या पाऊलवाटेस किमान एक मीटर रुंदी ठेवावी, असा नियम आहे. कुंपणावरील पायऱ्यांची दुरुस्तीही बहुधा त्याच्याकडेच असते. उलट चालणाऱ्याने फाटक बंद करावे, कुत्रे साखळीने धरावे, मेंढ्यांच्या वीण्याच्या हंगामात विशेष जपावे, ही रीत. २००१ साली गुरांना लाळ-खुरकुताची साथ आली तेव्हा देशभर वाटा बंद कराव्या लागल्या. त्या वसंतऋतूत डोंगराळ खेड्यांतील खाणावळी आणि दुकाने ओस पडली, आणि ज्या वाटांना कित्येक शेतकरी उपद्रव मानीत त्यांच्यावर गावाचा किती संसार चालतो, हे सर्वांना उमगले.

हेफील्डची आगगाडी १९७० साली बंद झाली. रूळ उखडले गेले. पण ती जमीन कोणी कुंपण घालून बंदिस्त केली नाही. ज्या मार्गाने गिरणी कामगार डोंगराकडे येत त्याच मार्गावरून आता आया बाबागाड्या ढकलतात, आजोबा नातवाला सायकल शिकवतात, चाकांच्या खुर्चीवरील माणसेही नदीकाठी येतात. पुढे बोडन ब्रिजजवळच्या खाणीत आता मोटारी उभ्या करण्याची जागा आहे, आणि खडकावर त्या मोर्चाच्या स्मरणार्थ पाटी आहे. तेथे थांबून एखादा बाप मुलाला ती वाचून दाखवितो. बहुतेक जण न थांबता पुढे जातात.

त्यात काही बिघडत नाही. हक्क मिळविण्याच्या वेळी माणसाला इतिहासाची जाणीव असावी लागते; तो टिकविण्याच्या वेळी चालण्याचा नेम असला तरी पुष्कळ झाले. राजवाडा कोणी न गेले तरी उभा राहतो. वाट तशी नाही. दोन वर्षे पाऊल पडले नाही तर तिच्यावर काटेरी जाळी माजते, आणि माणसांच्या आठवणीतूनही ती हळूहळू पुसते. म्हणून रविवारी हेफील्डच्या कुरणातून रांगेने जाणारे ते कुटुंब, पुढे बाप, मध्ये मुले, मागे थकलेली आजी, केवळ हवा खाण्यास निघालेले नसते. त्यांच्या ध्यानीमनी नसले तरी ते आपल्या पावलांनी एका जुन्या दस्तऐवजावर नवी सही करीत असते.